कानाच्या रेषेत

नाशिक, २ फेब्रुवारी २०२५

संजना,

जयभीम.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस. पोस्टमनला कोण ब्लॉक करणार? अक्षर ओळखून पाकीट फाडायला निघाली असशील तर तेवढं थांब. हे माझ्याबद्दल नाही, आईबद्दल आहे.

आईच्या डोक्याचं ऑपरेशन झालं. मागच्या बाजूला, लहान मेंदूपाशी गाठ होती. अंगणवाडीतून घरी येताना ती तोल जाऊन पडायची आणि आम्ही चपलेला शिव्या घालायचो. मी नवी चप्पलसुद्धा आणली होती. गाठ साधी निघाली, कॅन्सरची नाही, सगळी काढली. पण नंतर डोक्यात पाणी साठायला लागलं. पाणी म्हणजे आपलं पिण्याचं नव्हे. मेंदूच्या आत आणि भोवती एक द्रव असतो, तो रोज नवा तयार होतो आणि रोज जिरतो. ऑपरेशनच्या सुजेनं त्याची वाट अडली. म्हणून कवटीला बारीक भोक पाडून एक नळी आत सोडलीय. तिचं दुसरं टोक खाटेशेजारच्या स्टँडवरच्या पिशवीत. थेंब थेंब पडतो. आधी लालसर होता, आता जवळजवळ नितळ झालाय.

सगळा खेळ उंचीचा आहे, संजू. स्टँडवर पट्टी आहे, तिचं शून्य आईच्या कानाच्या रेषेत धरतात. त्याच्या किती वर थेंब पडू द्यायचा ते डॉक्टर ठरवतात. डोकं वर गेलं की आतलं पाणी भसाभसा निघतं, पिशवी वर गेली की आत तुंबतं. दोन्ही वाईट. म्हणून आईला जरा जरी हलवायचं असलं तरी आधी सविता सिस्टरला हाक मारायची. ती नळीचा खटका बंद करते, मग खाट वरखाली करते, मग पुन्हा कानाशी रेष जुळवते आणि तेव्हाच खटका उघडते. मला हे एका दमात कळलं. रोज लोकांच्या किचनमध्ये पाण्याचे फिल्टर बसवतो मी, मला कोण शिकवणार? सिस्टर म्हणाली, "हुशार आहात. पण हात लावायचा नाही."

वणीची कुसामावशी आलीय मदतीला. ती पिशवीकडं बघून म्हणाली, "मंगले, तुझ्या डोक्याला महापालिकेनं नळ बसवला गं. आता मीटर पण लावतील." आई हसली. हसलं की टाके ओढतात, म्हणून गाल दाबून हसली.

आता मुद्द्याचं. आई रोज विचारते, "संजनाच्या बापाला कळवलं का? येणारेत का?" तिच्या लेखी आपलं सगळं ठीक आहे. आपलं संपलं, असं तू म्हणालीस ते मी तिला सांगितलेलं नाही. स्टाफरूमची काच मी फोडली, तू माझ्यासाठी माफीपत्र लिहून आणलंस, ते मी तुझ्यासमोर फाडलं आणि शेवटच्या वर्षाला कॉलेज सोडून दिलं, यातलं तिला फक्त शेवटचं माहीत आहे. "आजारपणात जो उंबरा ओलांडतो तोच खरा सोयरा," असं ती म्हणते. अण्णांनी एकदा तोंड दाखवलं तर तिला दहा सलाइनचं बळ येईल.

माझ्यासाठी काही मागत नाही. अण्णांना एकदा पाठव. मनमाड काय लांब आहे?

भूषण

---

नाशिक, ७ फेब्रुवारी

संजू,

अण्णांचा फोन आला! "रविवारी येतो," म्हणाले. 'ताईंना सांग' पण म्हणाले. ताई! म्हणजे तू सांगितलंस. म्हणजे पत्र फाडलं नाहीस.

आई कालपासून तयारीला लागलीय. डोकं अर्धं भादरलेलं, त्यावर पट्टी, आणि हिला निळी साडी हवी. सिस्टर साडी नेसू देत नाही, तर म्हणते, "नुसती अंगावर टाका, पदर तरी राहील." मावशी म्हणाली, "व्याही येणार का नवरदेव येणार?" आईनं तिला चिमटा काढला.

मी केस कापून घेतले. इस्त्रीचा शर्ट घालणार आहे. हसू नकोस.

तुझा (हे खोडणार होतो, राहू देतो)
भूषण

---

नाशिक, १० फेब्रुवारी

संजना,

समाधान झालं? झालं का तुम्हा सगळ्यांचं समाधान?

तुझे वडील आले आणि माझी आई संपल्यात जमा झाली. काल तिचं डोकं पुन्हा उघडलं. आत्ता आयसीयूत आहे, तोंडात नळी, डोळे बंद. मी बाहेरच्या बाकावर हे लिहितोय आणि पेन कागद फाडतंय.

अण्णा आले, सफरचंदं आणली, खुर्चीवर ताठ बसले. आई त्यांना बघून उठायला लागली. "व्याह्यांपुढं आडवी पडू का मी? काय म्हणतील?" खाट थोडी वर होती. ती उठून बसली, पदर घेतला, त्यांची विचारपूस केली, मनमाडच्या पाण्याची, तुझ्या परीक्षेची. ते आपले हो-हो करत बसले. जरा वेळानं आई म्हणाली, डोकं फुटतंय. मग उलटी. मग डोळे फिरवले. पिशवी बघितली तर भरत आली होती.

एवढा मोठा माणूस, आयुष्य रेल्वेत काढलं, त्याला कळू नये? एकदा ठणकावून म्हणाले असते, ताई झोपा, तर ती झोपली असती. तिनं त्यांचं ऐकलं असतं, माझं ती कधीच ऐकत नाही. पण मान घ्यायला बरं वाटतं ना! आजारी बाई उठून बसते, पदर घेते, केवढा मान!

हो, धरली मी त्यांची कॉलर. सगळ्या वॉर्डासमोर धरली. "तुम्ही मारलं माझ्या आईला," असं म्हणालो. ते एक शब्द बोलले नाहीत, म्हणजे त्यांनाही कळत होतं.

तुमची सोयरीक तुमच्यापाशी ठेवा. तू नागपूरला राहा, शीक, मोठी हो. मला तुमच्या घरातल्या कुणाचं तोंड बघायचं नाही.

भूषण

---

नाशिक, १४ फेब्रुवारी

संजना,

मागचं पत्र परत मिळवायला मी दुसऱ्या दिवशी पोस्टात गेलो होतो. खिडकीतल्या बाईंना म्हणालो, लाल डब्यातलं एक पाकीट काढून द्या, माझंच आहे. त्या म्हणाल्या, "डाक गेली दादा. पत्र म्हणजे काय रिक्षा आहे का, हात केला की थांबायला?"

म्हणजे तू ते वाचलंस.

आई वाचली. आधी हे. डोकं वर गेल्यानं पाणी एकदम निघून गेलं, मेंदू आत आक्रसला आणि वरची एक बारीक शीर तुटली. रक्त साठलं. त्याच दिवशी ते काढलं. आता ती डोळे उघडते, मला ओळखते. उजव्या हातात जोर नाही, आणि शब्द उशिरा येतात, सिग्नलला थांबून आल्यासारखे. नळी पुन्हा आहे, यावेळी दुसऱ्या बाजूनं.

'खाट थोडी वर होती' असं मी लिहिलं होतं. खाट आपोआप वर होत नाही. पायथ्याशी हँडल असतं, ते फिरवावं लागतं. मी फिरवलं.

आई म्हणाली, "भुश्या, खाट वर कर, व्याही आलेत." सिस्टर समोरच्याच खाटेपाशी होती. एक हाक मारायची होती. पण अण्णा बघत होते. मला वाटलं, त्यांच्यासमोर एवढ्याशा कामाला परवानगी मागू? त्यांना दाखवायचं होतं की पोरगा कॉलेजातून गेला असेल, पण इथलं सगळं त्याच्या हातात आहे, आईला कसं सांभाळायचं त्याला कळतं. खटका मला दिसत होता. नंतर बंद करू म्हटलं, मग आईच्या पाठीमागं उशी लावली, मग चहा आणायला गेलो. अण्णांना साखर कमी लागते हे तू सांगितलेलं मला आठवत होतं. ते आठवलं, खटका नाही आठवला.

आणि अण्णा गप्प नव्हते. "राहू द्या ताई, पडून राहा," असं ते दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांनी खाटेच्या दांडीवर हात ठेवला होता, मला थांबवायला. मी म्हणालो, "काही होत नाही अण्णा, मला माहितीय."

कॉलर धरली तेव्हा सगळ्यात वरचं बटण तुटलं. ते खाली वाकून शोधायला लागले. एवढ्या गोंधळात, वाकून, बटण. मग तसेच निघून गेले.

माफी असा शब्द मी आजवर कुणाला लिहिलेला नाही. आता लिहायला बसलो तर बघ, पुढची ओळ सुचत नाही.

भूषण

---

नाशिक, १८ फेब्रुवारी

संजना,

तू उत्तर देणार नाहीस हे धरून लिहितो. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला आत जाता येत नाही.

डॉक्टरांनी पिशवी रोज थोडी थोडी वर चढवली. म्हणजे आतलं पाणी आपली आपण वाट शोधतं का ते बघायचं. पिशवी वर गेली तशी आई छान होती, मावशीशी भांडत होती, मला म्हणाली, "दाढी कर, भिकाऱ्यागत दिसतोस." मग परवा खटका पूर्ण बंद केला. दुपारपर्यंत ठीक. मग ती जेवताना घास तोंडात धरून झोपली. हाक मारली की 'हं' म्हणायची आणि पुन्हा झोपायची. लगेच डोक्याचा फोटो काढला, पाणी तुंबलेलं दिसलं, खटका उघडला. संध्याकाळी ती मला विचारते, "माझं ताट कुणी नेलं रं?"

म्हणजे वाट काही उघडत नाही. बाहेरची नळी जास्त दिवस ठेवता येत नाही, तिच्यातून जंतू आत गेले तर मेंदूला ताप येतो, आणि मग कठीण. डॉक्टर म्हणतात, आता कायमची आतली नळी टाकू. डोक्यातून कातडीखालून मान, छाती आणि थेट पोटात. पाणी पोटात जाऊन जिरेल. बाहेरून काही दिसणार नाही.

मावशी म्हणाली, "चांगलं हाय की. नळ आतल्या आत, बिल येणार नाय."

पण आई नको म्हणते.

आणि का नको म्हणते ते ऐक. तिला तो रविवार आठवत नाही. सगळाच्या सगळा पुसला गेलाय. अण्णा आले होते हे तिला माहीतच नाही. ती अजून वाट बघतेय. सकाळी तोंड धुतलं की डाव्या हातानं पदर ओढते आणि विचारते, "आज येणार का?" मी म्हणतो, रविवारी. मावशी बाहेर बोलावून म्हणते, "अजून किती रविवार खोटं बोलणार हायेस?"

काल डॉक्टर समजावायला आले तर आई त्यांना म्हणाली, "साहेब, दोनदा डोकं फोडलं. तिसऱ्यांदा मी उठीन का नाय, काय भरवसा? लेकराला बाप नाय. आधी व्याही येऊ द्या, त्यांचा शब्द मिळू द्या, मग काय करायचं ते करा." डॉक्टरांनी मला सांगितलं, त्या पूर्ण शुद्धीवर आहेत, नको म्हणतात तर मी जबरदस्ती करू शकत नाही. पण या आठवड्यात करायलाच हवं.

ज्या एका माणसाला इथं आणायला पाहिजे, त्याला मी हाकलून दिलंय.

तू अण्णांना सांग, असं मी तुला यावेळी म्हणणार नाही. मागच्या वेळी तू पाठवलंस, आणि मी काय करून परत पाठवलं. मीच जातो.

भूषण

---

नाशिक, २१ फेब्रुवारी

संजना,

काल मनमाडला गेलो होतो. तुला घरून कळलं असेलच, तरी माझ्याकडून ऐक.

दार तुझ्या आईनं उघडलं. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आत तोंड करून म्हणाल्या, "अहो, आलाय तो. चांगला शर्ट घालून या, त्याला धरायला नवी कॉलर लागेल."

मी तिथंच उभा राहिलो. खरं सांगतो, जुना मी असतो तर वळून स्टेशनला गेलो असतो.

अण्णा मागच्या ओट्यावर मेथी निवडत होते. मला बस म्हणाले नाहीत, जा पण म्हणाले नाहीत. मी समोर उकिडवा बसलो. बराच वेळ ते काड्या वेगळ्या करत राहिले. मग म्हणाले, "ताई कशा आहेत? संजना म्हणाली, वाचल्या. पुढं ती काही बोलली नाही."

मी सांगितलं. सगळं सांगितलं. नळी, पिशवी, नवं ऑपरेशन, आईचं न विसरलेलं आणि विसरलेलं. मग म्हणालो, "अण्णा, तुम्ही चला. ती तुमच्याशिवाय ऐकत नाही."

ते म्हणाले, "मी आता कुणाला बघायला जात नाही."

मला वाटलं रागावलेत. मी म्हणालो, "मला चार चपला मारा, पण—"

"राग नाही रे. शेजारच्या निकमला बायपास झाली. चाळीस वर्षांचा दोस्त. त्याच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. आत गेलो असतो तर तो उठून बसला असता ना!"

संजना, मला त्यांचा अर्थ कळायला वेळ लागला. कळला तेव्हा मेथीच्या त्या ढिगाकडं बघवेना.

"अण्णा, तुमच्यामुळं नाही झालं ते. हँडल मी फिरवलं. तुम्ही नको म्हणत होतात."

"तू सगळ्या वॉर्डासमोर म्हणालास."

"रागात म्हणालो."

"रागात म्हणालास ते मी ऐकलं. आता शांतपणे म्हणतोयस तेही ऐकतो. पण पोरा, पहिलं आत जाऊन बसलंय. त्याला बाहेर कसं काढायचं, सांग."

आईच्या डोक्यातलं काढायला नळी आहे, पट्टी आहे, डॉक्टर आहेत. मी त्या माणसाच्या डोक्यात जे घातलं त्याला काय लावायचं? मी त्यांच्या पायाला हात लावायला गेलो, तर म्हणाले, "ते नको. आपल्यात ते नाही. मेथी निवड."

मी मेथी निवडली. तुझ्या आईनं जाता-येता माझ्या काड्या तपासल्या आणि "एवढं पण येत नाही" म्हणाल्या. जुडी संपली तेव्हा अण्णा उठले.

"परवा येतो. पण मी दाराबाहेर उभा राहीन. आधी ती नर्सबाई आत जाईल, काय बंद करायचं ते बंद करेल, खाट लावेल, मला बोलावेल. मगच. आणि तू खाटेला हात लावायचा नाहीस."

"नाही लावणार."

"चहा पण आणायला जायचं नाही."

भूषण

---

नाशिक, २४ फेब्रुवारी

संजना,

ऑपरेशन झालं. नळी आत गेली. आई शुद्धीवर आहे, बोलते, पोटावर आणि कानामागं छोटे टाके आहेत. हे आधी लिहिलं, कारण पुढचं लिहायला मला वेळ लागेल.

शनिवारी अण्णा आले. सांगितल्याप्रमाणं दाराबाहेर उभे राहिले, दोन्ही हात मागं बांधून, फलाटावर उभे असल्यासारखे. सविता सिस्टरनं खटका बंद केला, खाट वर घेतली, कानाशी रेष जुळवली, खटका उघडला, थेंब बघितला. मग म्हणाली, "या काका." तरी ते आत येईनात. "अजून एकदा बघा," म्हणाले. सिस्टर हसली नाही. तिनं खरंच अजून एकदा बघितलं.

आईनं डाव्या हातानं पदर घेतला. निळी साडी नव्हती, चादरच होती, तिचाच पदर केला.

"या व्याही. बसा. पहिल्यांदाच आलात."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं.

"हो ताई. पहिल्यांदाच. उशीर झाला."

"उशीर कसला? रेल्वेची माणसं तुम्ही, तुमचा उशीर पण टायमात असतो."

अण्णा हसले. त्या रविवारनंतर पहिल्यांदा हसले असतील. मग आई थांबत थांबत बोलली, एकेक शब्द शोधून.

"पोरगं तापट हाय. बाप लवकर गेला, मी लाडावलं. शिक्षण सोडलं, ते पण तुमच्या कानावर असंल. मी त्याचं काही झाकत नाय. पण खोटं नाय. तुमच्या लेकीला जीव लावतं. मी ऱ्हायले तर बघीन, नाय ऱ्हायले तर तुम्ही बघा. तुमचा शब्द द्या, म्हंजी मी डोकं डॉक्टरच्या हवाली करते."

संजना, मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. सांगायला पाहिजे होतं की आई, तिनं मला केव्हाच सोडलंय, मी यांची कॉलर धरलीय, यांच्याकडं काय मागतेस? तोंड उघडलंसुद्धा. मावशीनं माझ्या दंडाला धरलं.

अण्णा बराच वेळ पिशवीकडं बघत होते. मग त्यांनी आईच्या निकामी हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "दिला."

आईनं लगेच ऑपरेशनच्या कागदावर डाव्या हातानं सही केली. वाकडी, पण पूर्ण नाव.

बाहेर आल्यावर अण्णा जिन्यापाशी थांबले. "ऐक. हे तुझ्या आईला म्हटलंय. तुला नाही. आणि संजनाच्या वतीनं तर मुळीच नाही, तिचं ती बघेल."

"कळलं, अण्णा."

"कळलं ना? मग आता चहा पाज. साखर कमी."

आम्ही टपरीवर उभ्यानं चहा घेतला. गाडीची वेळ झाली तेव्हा ते म्हणाले, "निकमकडं जातो आता घरी गेल्यावर. आधी बाहेरून हाक मारतो, पडूनच राहा रे म्हणून." मी त्यांना रिक्षात बसवलं. रिक्षा वळेपर्यंत मला बरं वाटत होतं. मग वाटलं, माझ्यामुळं एका माणसाला आता दोस्ताच्या घरीसुद्धा बाहेरून हाक मारून जावं लागणार.

भूषण

---

नाशिक, १६ एप्रिल

संजना,

आई घरी येऊन महिना उलटला. जयंतीला ती दाराशी खुर्ची टाकून बसली होती, पांढरी साडी, डोक्यावर पोरांसारखे आखूड केस. येणारा-जाणारा जयभीम घालून विचारायचा, मावशी बऱ्या आहात का? ती कानामागचा उंचवटा दाखवायची. "हे बघा, आतून पाइपलाइन हाय." उजवा हात थोडा थोडा उचलते. आम्हाला हॉस्पिटलनं बजावून ठेवलंय, डोकं दुखलं, उलटी झाली, ताप आला, अवेळी झोपायला लागली की लगेच यायचं. म्हणून ती दुपारी जरा पडली तरी मी हाक मारतो. "जिती हाय रं, झोपू दे," म्हणते.

एक गोष्ट मला सतावत होती. घरी आल्यापासून तिनं लग्नाचं नाव काढलं नाही. एवढा शब्द घेतला, त्याच्यावर ऑपरेशनला गेली, आणि नंतर एकदा पण विचारलं नाही, पुढं काय म्हणून. मला वाटलं, हेही विसरली.

काल मी तिला सगळं सांगितलं. तो रविवार, हँडल, खटका. तिचा हात कशामुळं गेला ते. अण्णांना काय म्हणालो ते. तुला काय लिहिलं ते. तू केव्हाची दूर गेलीस ते. आणि शेवटी हे की, अण्णांनी दिलेला शब्द खरा नव्हता, तिला बरं वाटावं म्हणून दिला होता.

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर डाव्या हातानं एक ठेवून देईल. ठेवून दिली असती तर बरं झालं असतं.

म्हणाली, "हाताचं सिस्टरनं सांगितलं होतं मला. तू कधी सांगतोस ते बघत होते."

"आणि शब्दाचं?"

"ते तवाच कळलं होतं. लेकीला विचारल्याबिगर बाप शब्द देतो का? एवढी काय माझी अक्कल त्या पिशवीत वाहून गेली नव्हती."

"मग सही का केलीस?"

"तो माणूस किती घाबरला होता, बघितलं नाय तू? दोनदा तपासायला लावलं त्यानं. मी त्याचा शब्द घेतला नसता आणि मेले असते, तर त्याला वाटलं असतं आपल्यामुळंच. त्यानं माझं मन राखलं, मी त्याचं राखलं." मग थोडी थांबली, शब्द शोधला, सापडला. "त्यात तू कुठंच नव्हतास, भुश्या."

संजू, मला आजवर पुष्कळांनी पुष्कळ सुनावलंय. हे पहिल्यांदाच असं झालं की मला राग आला नाही.

मी म्हणालो, मी संजनाला पत्र लिहितो, तुझं काही सांगायचंय का? तिनं पेन मागितलं, हात वळेना, मग म्हणाली, तूच लिही, आणि मी सांगते तसंच लिही, तुझं काही घालू नकोस.

"तिला लिही, तुझ्या बापानं म्हटलं तेवढं मला पुरलं. तू माझ्यासाठी हो म्हणू नको."

तसंच लिहिलंय.

भूषण